नास्तिक मित्रांशी देवावर वाद घालावा का, आणि घातलाच तर कसा?

केळीची_वाडी (धागाकर्ता)

मंडळी, मी वसईचा. जन्माने कॅथलिक आणि पुढे विचार करूनही कॅथलिकच राहिलेला. नोकरीपायी रोज विरार ते चर्चगेट. डब्याच्या एका टोकाला भजनमंडळ टाळ कुटत असतं आणि दुसऱ्या टोकाला आमचं चौघांचं टोळकं वाद घालत असतं. दोघं पक्के नास्तिक, एक 'काहीतरी शक्ती आहे बुवा'वाला, आणि मी.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा आमचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, माझ्या कपाळावरचा राखेचा क्रूस बघितला की त्यांना चेव येतो. 'तुम्ही उपवासकाळात शुक्रवारी मटण सोडता आणि पापलेट तळून खाता. वसईत याला उपास नाही, मेजवानी म्हणतात.' यावर काय बोलणार? माणूस बरोबर बोलतोय. नियम मांस सोडण्याचा आहे, मासा त्यात धरलेला नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने पापलेट खाऊन तो पाळला तर नियम शाबूत राहतो आणि हेतू बुडतो. मी सरळ 'बरोबर आहे' म्हणतो. 'पण तुमच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे पापड चालतात ना' हे वाक्य जिभेवर येतं, ते गिळतो. एकदा का ते बाहेर पडलं की विषय देवाचा राहत नाही, तुझं घर आणि माझं घर सुरू होतं.

वाद कसा घालावा याबाबत आमच्याच परंपरेत फार चांगल्या गोष्टी पडून आहेत आणि आम्हीच त्या वापरत नाही, ही माझी तक्रार आहे. तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस घ्या. त्यांच्या मोठ्या ग्रंथात 'देव आहे का?' असा प्रश्न आहे आणि त्याखालचं पहिलं वाक्य 'देव नाही असं दिसतं' या अर्थाचं आहे. मग ते नास्तिकाच्या बाजूने दोन आक्षेप मांडतात. एक, देव सर्वस्वी चांगला असता तर जगात दुःख उरलंच नसतं. दोन, सगळ्या घडामोडींचा उलगडा निसर्गातून आणि माणसाच्या इच्छेतून होत असेल तर देवाची गरजच काय? साडेसातशे वर्षांनंतर गाडीत माझे मित्र हेच दोन आक्षेप घेतात, आणि खरं सांगतो, थॉमस ते त्यांच्यापेक्षा नेटके मांडतात. आपली बाजू सांगण्याआधी समोरच्याची बाजू त्याने मान हलवावी इतकी नीट मांडता आली पाहिजे, नाहीतर गप्प बसावं.

दुसरे संत इग्नेशियस लोयोला. येशूसंघाचे संस्थापक. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच सूचना आहे: समोरच्याच्या बोलण्याचा शक्यतो चांगला अर्थ घ्या, तो लागत नसेल तर 'तुला काय म्हणायचंय' असं त्यालाच विचारा. आमच्या पॅरिशच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या मंडळींच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर ही सूचना पिन करून ठेवावी असं मला कधीपासून वाटतंय.

तिसरी गोष्ट विज्ञानाची. आमचे बरेच लोक 'बिग बँग म्हणजे निर्मितीचा पुरावा' असं ठोकून देतात. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ साली मांडणारे आणि १९३१ मध्ये विश्वाच्या आरंभीच्या एका आदिअणूची कल्पना देणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या सिद्धांताचा कल निर्मितीच्या बाजूने लावला तेव्हा लमेत्र खूश नव्हते. सिद्धांत भौतिकशास्त्राचा आहे, त्याला धर्माच्या प्रश्नात ओढू नका, ही त्यांची भूमिका. पाद्री असून त्यांनी आयता मिळालेला मुद्दा नाकारला. मला हा माणूस फार आवडतो.

आता तुम्ही बोला. श्रद्धावाल्यांनी आणि बिनश्रद्धावाल्यांनी, दोघांनीही. फक्त 'सगळे धर्म शेवटी सारखेच' म्हणून धाग्याला कुलूप लावू नका. ते सारखे नाहीत म्हणून तर वाद आहे.

निवांत_नाखवा

पहिला नंबर माझा. पापलेटाचा भाव बघता ते खाणं हेच प्रायश्चित्त आहे. बाकी वाचतोय.

बिनदेवाचा

धागा चांगला आहे, तरी एक कडू प्रश्न टाकतो. मी चिपळूणचा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात बरीच वर्षं आहे. तुम्ही म्हणता आदराने वाद घाला. आदर कोणी कोणाला द्यायचा?

२०१२ साली मुंबईत विलेपार्ल्याला इर्ल्याच्या वेलंकनी चर्चजवळ क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. लोक ते पाणी तीर्थ म्हणून घरी नेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडमरुकू यांनी जागेवर जाऊन पाहिलं आणि सांगितलं की जवळची सांडपाण्याची नळी तुंबली आहे, ते पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढून पायाशी येतंय. झालं. काही कॅथलिक मंडळींनी पोलिसांत धाव घेतली, कलम २९५अ, धार्मिक भावना दुखावल्या. तो माणूस फिनलंडला गेला. पुढच्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. दोन्ही गोष्टी एका तराजूत टाकत नाही, तुम्हालाही ते कळतं. पण आमच्या बाजूने वाद घालणाऱ्याला अटक नाहीतर गोळी, आणि तुमच्या बाजूच्याला फार तर टिंगल. अशा वेळी 'दोघांनीही आदराने' हे ऐकायला जरा एकतर्फी वाटतं.

केळीची_वाडी

बिनदेवाचा, तुमचं म्हणणं मी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं तर सांगा. आदराची भाषा ज्याच्या मागे गर्दी आणि कायदा आहे त्याला परवडते. एकटा माणूस बोलतो तेव्हा त्याच्या मुद्द्यापेक्षा त्याच्या सुराचीच मोजमापं निघतात. बरोबर?

असेल तर मान्य. इर्ल्याची तक्रार चूक होती, तेव्हाही आणि आजही. त्या पाण्याला नळीचं कारण निघालं तर कॅथलिकाचं काहीच जात नाही. उलट सांडपाणी तीर्थ म्हणून प्यायल्याने लोक आजारी पडले असते, ते वाचले. एडमरुकूंचे आभार मानायचे सोडून पोलीस बोलावले, याची कॅथलिक म्हणून मला लाज वाटते.

यात आमच्याच जुन्या वहिवाटीचा अपमान आहे तो वेगळाच. संतपदाच्या चौकशीत उलट बाजू मांडायला एक अधिकारी असायचा, लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. हे पद १५८७ साली निर्माण झालं. उमेदवारात खोट काढणं, चमत्काराला साधं कारण सापडतंय का ते बघणं, हेच त्याचं काम. ज्यांनी स्वतःच्या संतांवर वकील सोडले त्यांनी नळी दाखवणाऱ्यावर पोलीस सोडावेत, हे मला समजत नाही.

आकडेमोड

सैतानाचा वकील १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी निवृत्त केला, हे सांगायचं राहिलं का काका? त्यानंतर संतांची संख्या कशी वाढली तेही बघा.

मदर तेरेसांचं उदाहरण घ्या. २००३ च्या धन्यघोषणेसाठी (संतपदाच्या आधीची पायरी) जो चमत्कार धरला तो बंगालमधल्या मोनिका बेसरा यांचा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी उघडपणे सांगितलं की ती क्षयाची गाठ होती आणि औषधांनी बरी झाली. त्या चौकशीत विरुद्ध बाजूने त्यांचे टीकाकार लेखक ख्रिस्तोफर हिचन्स यांची साक्ष घेतली हे खरं, पण निकालावर परिणाम शून्य. २०१६ मध्ये त्या संत झाल्या.

आणि फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानाबद्दल. १८५८ पासून तिथे कोट्यवधी लोक गेले. सात हजारांहून जास्त बरे झाल्याचे दावे नोंदले गेले, त्यातले चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या जरा वर. कोट्यवधींत सत्तर? काही रोग आपोआप उलटतात, रुग्णालयांतही उलटतात. तुटून गेलेला पाय पुन्हा उगवला, अशी तिथे एकही नोंद नाही. देवाला फक्त आतले, नीट न दिसणारे रोगच बरे करता येतात का?

मालवणी_मसालो

माका ह्या वादात पडूचा नाय, पण तुटलेल्या पायाचो मुद्दो जबरी आसा. 😄

आमच्या वाडीत अर्धी घरां ख्रिस्ती, अर्धी आमची. शेजारची मावशी नोव्हेना (नऊ दिसांची प्रार्थना) करता, माझी आवस देवाक गाऱ्हाणा घालून घेता. दोघांचोय मागणा एकच, झिलाक नोकरी लागू दे. नोकरी लागली. आता दोघी भांडतत, कोणाच्या देवान दिल्यान. झिल म्हणता मी परीक्षा दिलंय त्याचा काय?

केळीची_वाडी

मालवणी, त्या झिलाला माझा नमस्कार सांगा. धाग्यातला सगळ्यात शहाणा माणूस तोच दिसतोय.

आकडेमोड, १९८३ ची आठवण दिलीत ते बरं केलंत, मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. मोनिका बेसरा प्रकरणात मला डॉक्टरांचं म्हणणं जास्त पटतं. मदर तेरेसांचं मोठेपण मी त्यावर टांगलेलं नाही.

लूर्दबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. लूर्दवर विश्वास ठेवायलाच हवा असं कॅथलिकावर बंधन नाही. दर्शनं, साक्षात्कार, रडणाऱ्या मूर्ती या सगळ्यांना चर्च खासगी साक्षात्कार समजतं. ते मानले तर ठीक, नाही मानले तरी कोणी धर्माबाहेर काढत नाही. तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे आणि बिनख्रिस्ती डॉक्टरांनाही कागदपत्रं बघता येतात. सात हजारांतले बहुतेक सगळे दावे आमच्याच लोकांनी बाजूला ठेवले, हे मला तुमच्या बाजूचं नाही, चाळणी चालते याचं लक्षण वाटतं. तुमच्या तुटलेल्या पायाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. 'देवाची इच्छा' असं म्हणू शकतो, पण ते उत्तर नव्हे, तोंड बंद करण्याची सोय आहे.

इतिहासाचा_भुंगा

वा! आदराच्या गप्पा कोण मारतंय बघा. गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, चालवलं तेव्हा सैतानाचा वकील कुठे होता? तुमच्याच फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून ते मागितलं होतं. वसईतही देवळं पाडली. चिमाजी आप्पा १७३९ मध्ये आले म्हणून वाचलो.

केळीची_वाडी

भुंगा, तारखा बरोबर आहेत. झेवियरचं ते पत्रही खरं. मध्ये काही वर्षं न्यायालय बंद होतं, मग परत सुरू झालं, शेवटी १८१२ मध्ये गेलं. लोकांचे छळ झाले, देवळं पडली. 'त्या काळी सगळीकडे असंच होतं' हे मी म्हणणार नाही. १२ मार्च २००० ला पोप जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दल जाहीर क्षमायाचना केली. ती पुरेशी आहे का हे ठरवण्याचा हक्क तुमचा, माझा नाही. त्याआधी १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने लेखी मान्य केलं की श्रद्धेच्या बाबतीत कोणावर जबरदस्ती करता येत नाही. उशीर झाला. फार उशीर झाला.

फक्त एक विचारतो. यावरून देव आहे की नाही याबद्दल काय सिद्ध होतं? चर्चने पाप केलं, एवढं सिद्ध होतं. आणि चर्च पाप करतं हे मी दर मिस्सेच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) सुरुवातीला छाती बडवून मोठ्याने म्हणतो, स्वतःला धरून.

इतिहासाचा_भुंगा

उत्तर टाळलं नाहीत, एवढं मानतो. बाकी मतभेद कायम.

कौलारू

अवांतर: वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या मोठ्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना दिल्या. मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहे, भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. मेणवलीच्या घंटेवर तर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे म्हणतात. लहानपणी ती वाजवली होती, कोणाची आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

संपादक

घंटांसाठी वेगळा धागा काढावा. इतिहास इथे पुरे, मूळ विषयावर या.

रेवदंड्याची_लेक

पहिल्यांदाच लिहितेय. मी कॅथलिक, आमचं घर रेवदंड्याजवळ. मुलगा सतरा वर्षांचा आहे. ख्रिसमसपासून मिस्सेला येत नाही. म्हणतो, 'आई, मला हे खरं वाटत नाही, मी खोटं नाटक करणार नाही.' सासूबाई रडतात. नवरा म्हणतो कानाखाली दोन वाजव. फादरांना सांगितलं तर म्हणाले प्रार्थना करा. रोज रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतेच, पण मुलाशी बोलू काय? तो मोबाइलवर ते इंग्रजी व्हिडिओ बघतो आणि मला एकेक प्रश्न विचारतो. मला उत्तरं येत नाहीत. परवा विचारलं, 'नोहाच्या तारवात पेंग्विन कसे आले?' मी म्हटलं, पोहत आले असतील. तो हसला, मीही हसले. मग रात्री झोप लागली नाही.

बिनदेवाचा

ताई, सतरा वर्षांचं पोर आईला 'मी खोटं नाटक करणार नाही' म्हणतं याचा अर्थ तुम्ही त्याला खरं बोलायला शिकवलंय. आधी त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटा. दोन वाजवायच्या भानगडीत कोणालाही पडू देऊ नका. आणि पेंग्विनचं उत्तर चांगलं होतं.

केळीची_वाडी

ताई, मी बिनदेवाचांशी सहमत आहे, आणि हे रोज घडत नाही.

पेंग्विनच्या प्रश्नात मुळीच अडकू नका. तारवाची गोष्ट शब्दशः धरायलाच हवी असं कॅथलिक शिकवण सांगत नाही. उत्क्रांतीबद्दलही तेच. १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी त्यावर संशोधन आणि चर्चा करायला हरकत नाही म्हटलं, १९९६ मध्ये जॉन पॉल यांनी ते नुसतं गृहीतक उरलेलं नाही हे मान्य केलं. मुलगा जे व्हिडिओ बघतोय ते बहुधा बायबल शब्दशः धरणाऱ्या अमेरिकेतल्या पंथांना उद्देशून आहेत. त्याला सांगा, तू ज्या धर्मातून बाहेर पडतोयस तो आधी नीट बघून घे, मग खुशाल बाहेर पड.

दुसरं, मघाशी सांगितलेल्या व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेच्या एका दस्तऐवजात नास्तिकतेवर काही परिच्छेद आहेत. त्यात स्वच्छ म्हटलंय की नास्तिकता निर्माण होण्यात श्रद्धावंतांचाही बराच वाटा असू शकतो. श्रद्धेचं शिक्षण धड न देणं, शिकवण चुकीची मांडणं, वागणूक एक आणि बोलणं दुसरं. म्हणजे बिशपांनी दोष मुलांवर ढकलला नाही. आपल्या घरातही तो मुलावर ढकलू नये.

बोलायचं काय? तुम्हाला काय वाटतं तेवढंच सांगा. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. रोझरी तुम्ही का म्हणता, त्यात काय मिळतं, हे तुमचं तुम्हाला माहीत आहे. ते पटवून देऊ नका, नुसतं सांगा.

नायगावचा_बाहेरचा

मी हा मुलगा होतो, पंचवीस वर्षांपूर्वी. घर नायगावला, आज पूर्ण नास्तिक. ताईंसाठी लिहितोय.

आईने मला एकदाही 'चर्चला चल' म्हटलं नाही. बाबांनी म्हटलं, आईने त्यांना थांबवलं. रविवारी मिस्सेहून आल्यावर ती मला प्रवचनात काय झालं ते सांगायची, जसं शेजारच्या लग्नात काय झालं ते सांगतात तसं. 'आज फादर फार लांबवत होते, माझं इंद्याल गॅसवर होतं.' मी वाद काढला की म्हणायची, तुझं बरोबर असेल, मला माझं सोडवत नाही. त्याच आईच्या अंत्यविधीत वाचन मी केलं. विश्वास नसताना. ते नाटक नव्हतं, तिच्यासाठी होतं. जर तिने मला ओढत नेलं असतं तर मी त्या दिवशी दाराबाहेर उभा राहिलो असतो, याची मला खात्री आहे.

एक मात्र धागाकर्त्यांना सांगतो. 'आधी नीट बघून घे मग बाहेर पड' ही अट जरा चलाख आहे. आत राहायला कोणी अशी अट घालत नाही. बाप्तिस्मा घेताना मी काही महिन्यांचा होतो, तेव्हा मला कोणी 'नीट बघून घे' म्हणालं नाही.

केळीची_वाडी

लागला. मुद्दा बरोबर आहे. ताई, ती अट काढून टाका.

रेवदंड्याची_लेक

नायगावकर, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत, पण आज रडल्या नाहीत.

बिनदेवाचा

आता मोठा प्रश्न. इतका वेळ थांबलो होतो.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी रात्रीत चिपळूणमध्ये शिरलं. आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत आलं होतं. जिन्यावर बसून खाली फ्रिज तरंगताना बघितला. कोविडचे दिवस, रुग्णालयात वीज गेली आणि रुग्ण दगावले. त्याच दिवशी महाडकडे तळीये गावावर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली. दर वर्षी देवाला कौल लावणारी, निर्मळ मनाची माणसं. तुमचा देव सर्वशक्तिमान आहे, सर्वज्ञ आहे, प्रेमळ आहे. तिन्ही एकदम कसं? थॉमसने मांडलेला पहिला आक्षेप हाच, तुम्हीच सांगितलंत. त्याने उत्तर काय दिलं?

केळीची_वाडी

थॉमसने दिलेलं उत्तर असं: देव इतका चांगला आणि समर्थ आहे की तो वाईट घडू देतो आणि त्यातूनही चांगलं काढतो. हे मूळ संत ऑगस्टिनचं. तर्क म्हणून त्यात दम आहे. तळीयेच्या माणसासमोर मी ते उच्चारणार नाही. उच्चारणाऱ्याला उठून जायला सांगेन.

बायबलमध्ये ईयोबाचं पुस्तक आहे. चांगला माणूस, त्याचं सगळं जातं, मुलंसुद्धा. तीन मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसतात. मग तोंड उघडतात आणि समजावू लागतात: तू काहीतरी पाप केलं असशील, देव न्यायी आहे, वगैरे वगैरे. ईयोब देवाशी भांडतो, जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, देवाची वकिली करणाऱ्यांवर. भांडणाऱ्या ईयोबाबद्दल म्हणतो, हा माझ्याबद्दल योग्य बोलला. आमच्यातल्या वाद घालणाऱ्यांनी हे पुस्तक दर उपवासकाळात वाचावं. आम्ही बहुतेक वेळा त्या तीन मित्रांसारखे वागतो, तेही ते सात दिवस गाळून.

तुमच्या तीन गोष्टी एकत्र कशा बसतात हे मला सिद्ध करता येत नाही. माझ्याजवळ जे आहे ते एवढंच: ज्याला मी देव मानतो तो क्रूसावर 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस' म्हणाला. तुमचा प्रश्न त्यानेच विचारलाय. प्रश्न सुटला नाही. पण ज्या देवाला हा प्रश्न ठाऊकच नाही अशा देवावर मी विश्वास ठेवू शकलो नसतो.

आकडेमोड

काका, भावनेला हे छान आहे. तर्काला नाही. 'देवानेही सोसलं' म्हणून तळीयेचा डोंगर थांबत नाही. उत्तर नाही असं कबूल केलंत हे प्रामाणिक, पण मग विश्वास ठेवता तो कशाच्या जोरावर? तुमची आई कॅथलिक होती म्हणून? माझी आई वारकरी आहे, त्या हिशोबाने मी माळ घालायला हवी.

केळीची_वाडी

आईमुळे सुरुवात झाली, हे नाकारत नाही. मी वसईजवळच्या निर्मळ गावाच्या पलीकडे जन्मलो असतो तर कदाचित कार्तिकात शंकराचार्यांच्या जत्रेला गेलो असतो. पण सुरुवात कुठून झाली यावरून एखादी गोष्ट खरी की खोटी ते ठरत नाही. तुमचा नास्तिकपणाही कुठूनतरी सुरू झालाच असेल.

जोर कशाचा म्हणाल तर पुनरुत्थानाचा. संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हणतो, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे, आणि आम्ही सगळ्यांत कीव करण्यासारखे लोक आहोत. ते पत्र क्रूसाच्या घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आतलं. ज्यांना तो दिसला त्यांची यादी पौल देतो आणि त्यातले बरेच अजून जिवंत आहेत असं सांगतो. मला हे आवडतं कारण इथे माझा धर्म स्वतःहून सांगतो की आम्ही कुठे खोटे ठरू. 'मानलं तर देव' ही पळवाट पौलाने बंद केली.

आकडेमोड

साक्षीदार आहेत असं पौल सांगतो. त्या साक्षीदारांनी लिहिलेलं काही आहे? येशूच्या चरित्राची चार पुस्तकं, म्हणजे शुभवर्तमानं, त्यानंतरची, आणि कबरीवर कोण गेलं, कोण भेटलं यात चौघांचा मेळ नाही. गुरू गेल्यावर शिष्यांना दिसला अशा कथा आपल्याकडेही ढिगाने आहेत. त्या तुम्ही मानत नाही. का?

केळीची_वाडी

तपशिलात मेळ नाही, खरं आहे. बाकीच्या कथा मी तपासल्याच नाहीत, म्हणून खोट्या म्हणणार नाही. माझ्या बाजूने एवढंच: ज्यांना तो दिसला असं पौल म्हणतो त्यांत त्याचा स्वतःचा समावेश आहे, आणि तो आधी ख्रिस्ती लोकांना पकडत फिरत होता. त्याला त्यात काही फायदा नव्हता. हा पुरावा तुम्हाला पुरेसा वाटत नाही, मला वाटतो. का वाटतो त्यात माझ्या प्रार्थनेचा अनुभव मिसळलेला आहे आणि तो मी टेबलावर ठेवू शकत नाही. म्हणून तुम्ही नाही म्हटलंत तर तुम्ही आंधळे किंवा अहंकारी आहात असं मला वाटत नाही. थॉमस प्रेषितानेही जखमा बघितल्याशिवाय मानणार नाही म्हटलं होतं. त्याला जखमा दाखवल्या गेल्या. तुम्हाला दाखवलेल्या नाहीत, मग मी तुमच्यावर डाफरू कशाला?

आकडेमोड

ठीक. मला पटलं नाही, पण तुम्ही नेमके कुठे उभे आहात ते कळलं. पहिल्यांदाच कोणी 'टेबलावर ठेवू शकत नाही' म्हणालं.

मालवणी_मसालो

माका वाटलेला दोघांक सोडवूक येवचा लागतला. नाय लागला.

बिनदेवाचा

वाडीवाले, एक प्रस्ताव. आमचे कार्यकर्ते शाळा-कॉलेजांत चमत्कारांची प्रात्यक्षिकं करतात. तुमच्या पॅरिशच्या युवक मंडळासाठी करू का? देवाधर्मावर एक शब्द नाही, फक्त हातचलाखी आणि रसायनं. ग्लिसरीन आणि पोटॅशियम परमँगनेटने काडीशिवाय होम पेटवणं वगैरे. मूर्तीतून पाणी ठिबकतं कसं, तेही दाखवू. चालेल? की तेवढं वगळू?

केळीची_वाडी

मूर्ती वगळू नका, उलट तीच पहिली घ्या. फादरांना मी विचारतो, पॅरिश कौन्सिलमध्ये एकदोन जण कुरकुरतील, त्यांचं मी बघून घेतो. आणि पाणी टाकून नारळ पेटवायचा सोडियमचा प्रयोग नक्की ठेवा. आमच्याकडे क्रूस गळ्यात असलेले लोकही करणी उतरवायला भगताकडे गुपचूप जातात, मिस्सेला येऊन पहिल्या बाकावर बसतात. त्यांनी तो बघायला हवा.

बिनदेवाचा

झालं तर. शनिवारी संध्याकाळी जमेल?

केळीची_वाडी

शनिवारी संध्याकाळी मिस्सा असते. रविवारी दुपारी ठेवा, जेवण आमच्याकडे. शुक्रवार नाही, त्यामुळे मटण चालेल.

निवांत_नाखवा

मी नास्तिकही नाही आणि कॅथलिकही नाही. जेवायला येऊ का?